वळणावरचं जंगल

थोरल्याने पुन्हा धाकटीची झाडं उपटून टाकली होती. पडद्यावर जंगलाची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली होती, आणि वळणापाशी रुळांकडे घुसलेला दाट कोपरा पार बोडका.

शिकाऊ चालकांसाठी रेल्वेचा एक मार्ग दोघं भावंडं कॉम्प्युटरवर हुबेहूब उभा करत होती. प्रोग्रॅम थोरल्याचा, देखावे धाकटीचे. ह्याच वळणावर गाडी चालवताना बाबांनी लाल सिग्नल ओलांडला होता आणि नोकरी गमावली होती. झाडीने सिग्नल झाकला होता, हे त्यांचं म्हणणं चौकशीत कुणी मानलं नाही. थोरल्यानेसुद्धा नाही. तेव्हापासून धाकटी त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

"झाडं का काढलीस?"

"हद्द वाकडीतिकडी असली की प्रोग्रॅम रुळांतही झाडं लावतो."

"मग प्रोग्रॅम सुधार. माझ्या जंगलाला हात लावू नकोस."

बाबांनी सिग्नल ओलांडला त्या वर्षीचा, विमानातून काढलेला फोटो तिने पडद्यावर पसरला. जंगलाची कड जशी आत-बाहेर जात होती तशी ती बिंदूबिंदूने गिरवली आणि आत एकेक झाड हाताने लावलं. बाबांची लाडकी व्हायला ही काहीही करेल, असं थोरला मागून पुटपुटला.

मग चालकाच्या खुर्चीत बसून तिने गाडी सोडली. वळण आलं, झाडी अंगावर आली, आणि फांद्यांच्या बराच अलीकडे, मोकळ्या आभाळात, लाल दिवा लख्ख दिसला. तिने खुर्ची बाबांच्या उंचीला आणली. झाडं आणखी वाढवली. दिवा क्षणभरही झाकला गेला नाही.

तिने वळून पाहिलं. दारात उभ्या थोरल्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला ठाऊक होतं."

"तू पहिल्यांदा झाडं लावलीस तेव्हाच चालवून पाहिलं. उद्घाटनाला बाबा येणार आहेत. झाडी असूनही दिवा दिसतो, हे त्यांनी ह्या खुर्चीत बसून बघायचं?"

खरं कळू न देता ह्याने आपलीही कीव केली, ह्याचाच तिला जास्त संताप आला.

"शिकणाऱ्यांना खरं वळण दिसलं पाहिजे. झाडं राहतील. बाबांना येऊ नका म्हणून मी सांगेन."

"कारण काय सांगशील?"

तिने काम सेव्ह केलं, पिशवी उचलली. तो दारातून हलला नाही, तेव्हा त्याला खांद्याने ढकलून ती बाहेर पडली.