शेरवडीचा रंग

गोकुळदास निवृत्त झाला आणि तरीही त्याने घरच्यांना सळो की पळो करून सोडलं नाही, याचं श्रेय एका कॅमेऱ्याला द्यायला हवं. कॅमेरा त्याच्या मुलीचा, सेजलचा. ती लग्न होऊन फोंड्याला गेली, तिने नवा फोन घेतला आणि आपला जुना डिजिटल कॅमेरा बापाच्या हातात ठेवला. "बाबा, वेळ जायत तुमचो," असं म्हणाली. गंगा, म्हणजे गोकुळदासची बायको, बाजूला उभी होती. "माकडाच्या हातात कोलीत दिलंस गो," एवढंच ती बोलली आणि तांदूळ निवडायला बसली.

गोकुळदासने मात्र ते काम मनावर घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने कॅमेऱ्याची सगळी बटणं दाबून बघितली. एका ठिकाणी बारकी बारकी चित्रं ओळीने दिसली: सूर्य, ढग, दिवा, ट्यूबलाइट. आषाढ चालू होता आणि आभाळ भरून आलं होतं. गोकुळदास म्हणजे सरळ हिशेबाचा माणूस. आभाळात ढग, म्हणून त्याने ढगावर बोट ठेवलं आणि पुढे गेला. परत त्या चित्रांकडे काही त्याचं लक्ष गेलं नाही.

बाकी सगळं तो नेटाने शिकला. आधी त्याचे फोटो हलायचे. मग त्याला आपली नोकरी आठवली. डिचोलीकडच्या एका खाणीवर तो काट्यावर होता, खनिजाचे ट्रक वजन करून सोडायचा. ट्रक काट्यावर चढला की आकडा थरथरतो. तो थांबेपर्यंत घाई करायची नाही, ड्रायव्हर कितीही हॉर्न वाजवो. तसंच इथे करायचं, त्याने ठरवलं. कोपर पोटाशी घ्यायचं, श्वास धरायचा, हात थांबला की मगच बटण. फोटो हलायचे थांबले. त्याने कोंबडा काढला, शेजाऱ्याची म्हैस काढली, शिरगावच्या रस्त्यावरचा वड काढला, देवळाचं शिखर काढलं. वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांना दाखवले की सगळे "वा" म्हणत. समोरचा गौरेश तर दर वेळी "फस्क्लास" म्हणे. स्तुती कोणाला कडू लागते?

मग चवथ आली.

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी असते. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधायची. नारळाची पेंड, सुपारीचा घड, आंबाडे, लालबुंद कवंडळं, आणि आणखी काय काय. गंगाची माटोळी वाड्यात नावाजलेली होती. हे सगळं तिला शिकवलं ते तिच्या थोरल्या बहिणीने, शेवंतीने. गंगा तिला बाय म्हणायची. शेवंती पेडण्याला दिलेली. दोघींचं माहेर इथलंच, वाड्यामागच्या डोंगराच्या पायथ्याचं.

त्या डोंगरावर शेरवडीची झुडपं होती. शेरवडीचं फूल एवढंसं, नारिंगी. पण त्याच्या बाजूला एक मोठं पांढरं पान फुटतं, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखं पांढरं. ते माटोळीत हवंच. पुढे डोंगरावर खाण आली. तिच्या तांबड्या धुळीने घरांची छपरं लाल झाली, तुळस लाल झाली, वाळत घातलेले कपडे दोरीवरच लाल व्हायचे. वाड्यात पांढरं कापड कोणी विकत घेईनासं झालं. एका चवथीला शेवंती माहेरपणाला आली होती. तिने डोंगरावरून शेरवड आणली तर तीही तांबडी. विहिरीवर घासघासून धुतली, पण पान फाटलं, रंग गेला नाही. तिने ती फांदी दगडी गडग्यापलीकडे फेकून दिली. "ह्या डोंगराची शेरवड हाच्या फुडें देवाक चलची ना," ती म्हणाली. तेव्हापासून दर चवथीला शेवंती पेडण्याहून स्वतः शेरवडीची जुडी घेऊन यायची आणि स्वतःच्या हाताने माटोळीला बांधायची. खाण बंद पडली तरी हा क्रम मोडला नाही.

यंदा मोडला. शेवंतीच्या घरी तिचा चुलत दीर चवथीच्या तोंडावर गेला. म्हातारा होता, सगळं भोगून सुखाने गेला, पण सुतक ते सुतक. शेवंतीला गणपतीच्या घरी येता येईना, की काही पाठवता येईना.

"शेरवडीशिवाय माटोळी कशी बांधू?" गंगा म्हणाली. आणि हरताळकेच्या सकाळी कोयती घेऊन ती स्वतःच डोंगर चढली. परत आली तेव्हा तिची साडी चिखलाने भरली होती आणि ओठावरचं हसू काही आवरत नव्हतं. तिच्या हातात शेरवडीच्या फांद्या होत्या. पानं पांढरी होती. नुसती पांढरी नव्हे, पांढरीशुभ्र.

"आमच्या पायवाटेर मेळ्ळी," ती गोकुळदासला म्हणाली. "बाय पूर्वी शेरवड आणायची तीच जागा. बायला दाखवायलाच हवी. तुमी फोटो काढा. बरो काढा हां, म्हशीसारखो नाका."

गोकुळदासला आणखी काय हवं होतं? चवथीला पूजा झाली, आरती झाली, तसा तो कॅमेरा घेऊन पुढे आला. संध्याकाळ झाली होती. गणपतीच्या मागे पिवळ्या दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. पहिला फोटो फ्लॅश टाकून काढला तर माटोळी भिंतीला चिकटवल्यासारखी आली. गंगा ओरडली, "देवाच्या दोळ्यांत उजवाड मारू नका!" मग त्याने फ्लॅश बंद केला, दाराच्या चौकटीला टेकून श्वास धरला आणि बटण दाबलं. काही हललं नाही. प्रत्येक फळ वेगळं दिसत होतं. गौरेश आरतीला आला होता, तो म्हणाला, "फस्क्लास!" वाड्यावरची इतर माणसंही मान हलवून गेली. गंगानेही बघितला आणि तिला आवडला. गोकुळदासने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून फोनला जोडलं आणि फोटो पेडण्याला, शेवंतीच्या सुनेच्या, पल्लवीच्या फोनवर पाठवला.

थोड्या वेळाने शेवंतीचा फोन आला. गंगाने मोठ्या उत्साहाने उचलला.

"गंगे, ही शेरवड खंयची?"

"आमच्या डोंगरावयली गो बाय!"

"तेंच म्हणटां. तांबडी आसा ती."

"तांबडी? पांढरीफट्ट आसा बाय!"

"म्हाका दोळे आसात मगो. पल्लवीनेही बघितली. म्हाका सुतक पडलें म्हणून म्हापशाच्या बाजारांतल्यान शेरवड हाडपाचो कंटाळो केलो तुवें? देवाच्या माथ्यार धुळीचें पान बांदलें?"

गंगाने फोन खाली ठेवला आणि आत जाऊन गोडाच्या नेवऱ्या डब्यात भरू लागली. त्या रात्री ती कोणाशीच फारसं बोलली नाही. गंगा भांडली असती तर गोकुळदासला चाललं असतं. ती गप्प बसली की त्याचा जीव टांगणीला लागतो. बायला काय वाटेल, एवढाच तिच्या मनातला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याच्या फोटोने बिघडवलं होतं. गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन झालं की माटोळी उतरणार. मग बायला कशाने पटवून देणार?

सकाळी गौरेश आला तेव्हा त्याने उपाय सुचवला. "म्हज्या फोनान काडूंया, चट करून?"

"नाका," गंगा म्हणाली. "फोनात आता काळ्याचें गोरें करतात. बाय मानची ना. तुमी बिघडवलाय, तुमीच सुधारा." शेवटचं वाक्य नवऱ्याला होतं.

गोकुळदास चहाचा पेला बाजूला ठेवून पडवीत बसला आणि कॅमेऱ्यात माटोळीचा फोटो उघडून बघत राहिला. त्याला तो अजूनही चांगलाच वाटत होता. मग उठून तो आत गेला, माटोळीखाली उभा राहिला आणि एकदा वर, एकदा हातात, असं बघू लागला. वर शेरवड पांढरी. हातात शेरवड विटेच्या रंगाची. एवढा ढळढळीत फरक त्याला कसा दिसला नव्हता?

त्याने मागचे फोटो एकेक करून उघडले. शेतातले बगळे गुलाबी. देवळाचं चुन्याचं शिखर तांबूस. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, ज्या गंगाने यंदाच हौसेने पांढऱ्या घेतल्या होत्या, त्या जुन्या दिवसांतल्यासारख्या मातकट. कुठे जास्त, कुठे कमी, पण सगळंच लाल. वाड्यावरच्या एकाही माणसाला ते खटकलं नव्हतं. खटकणार तरी कसं? अर्धं आयुष्य सगळ्यांनी आपलं घर असंच तर बघितलं होतं. पेडण्याच्या बाईला एका नजरेत दिसलं, कारण तिच्या दारावरून ट्रक कधी गेले नव्हते.

गोकुळदास कपाळावर हात मारून घेणार होता, पण हातात कॅमेरा होता. तो बटणं दाबत त्या चित्रांच्या ओळीपर्यंत पोचला. आषाढातला ढग अजून तिथेच बसलेला. त्या ढगाखाली त्याने श्रावण काढला, ऊन काढलं आणि काल तर दिव्यांच्या पिवळ्या उजेडात माटोळी काढली. ओळीच्या टोकाला कागदासारखं एक चित्र होतं. ते निवडलं की कॅमेऱ्याला एखादी पांढरी वस्तू दाखवायची, म्हणजे पांढरं कशाला म्हणतात ते त्याला कळतं, असं सेजलने सांगितलेलं त्याला आता आठवलं. तेव्हा तो हसला होता. पांढरं कोणाला शिकवावं लागतं का?

"गंगा!" त्याने हाक मारली. "दिवे मालव. जनेलां सगळी उघड. आणि म्हजो धुतलेलो पंचो घेऊन ये."

गंगाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता माळा बंद केल्या, खिडक्या उघडल्या. सकाळचा मऊ उजेड आत आला. तिने पंचा आणला.

"माटोळीखाली दोन्ही हातांनी धर. असो पसरून."

ती पंचा धरून उभी राहिली. त्याने कॅमेऱ्याला तो पंचा दाखवला. मग फोटोसाठी जागा शोधू लागला. दारातून शेरवड लांब दिसत होती, जवळ उभं राहून माटोळीचा नुसता काठ येत होता. खरं तर तिच्या बरोबर खाली जायला हवं होतं. गोकुळदास जमिनीवर बसला आणि मग सरळ उताणा झाला. देवाकडे पाय होऊ नयेत म्हणून डोकं गणपतीकडे केलं आणि पाय दाराकडे.

तेवढ्यात दर्शनाला आलेल्या दोन शेजारणी उंबऱ्यातच थांबल्या. "गे बाय माझे! काय झालं यांना?"

"काय झालं नाही," गंगा म्हणाली. "साष्टांग नमस्कार घालतात. उलटो."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गोकुळदासने लक्ष दिलं नाही. खालून माटोळी त्याने आजवर कधी बघितली नव्हती. सगळा डोंगरच घरात येऊन अंगावर ओणवा झाला होता. गंगा पंचा तसाच धरून, मान वर करून शेरवडीकडे बघत होती. पंच्यावरचा उजेड वर पानांवर पडत होता. गोकुळदासने कोपरं जमिनीला टेकली, श्वास धरला, हात थांबायची वाट बघितली आणि बटण दाबलं.

फोटो त्याने आधी वरच्या शेरवडीशी ताडून बघितला. मग पाठवला. मग दोघं पडवीत बसली आणि फोनकडे बघत राहिली. गंगाने पंचा मांडीवर घेऊन त्याची घडी केली, परत मोडली, परत केली.

फोन वाजला. गंगाने तो गोकुळदासलाही ऐकू येईल असा धरला.

"बाय?"

"पांढरी आसा गो," शेवंती म्हणाली. "त्याच पायवाटेवयली?"

"तीच. वयर आंबाडो आसा, त्याच्या मुळात."

"सगळी न्हंयच्या पाण्यांत सोडू नाका. एक फांटी म्हाका दवर. सुतक फिटलें की हांव येतां. आपण दोघी डोंगरार वचूंया." मग ती म्हणाली, "आनी गंगे, कडेक तूं उबी आसा मगो? तुजे केस कधी गो पिकले?"

गंगाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तिने गोकुळदासकडे बघितलं. गोकुळदासने कॅमेरा उघडून बघितला. माटोळीच्या कडेला गंगा होती, मान वर केलेली, तोंडभर हसणारी. कानाच्या वर, कपाळाच्या दोन्ही बाजूंना केस शेरवडीइतके पांढरे. रोज सकाळ-संध्याकाळ हे डोकं त्याच्या समोर असायचं. ते त्याने बघितलंच नव्हतं, आणि त्याला फार वाईट वाटलं. कोंबड्याचे त्याने किती फोटो काढले होते. गंगाचा एकही नव्हता.

"तुमी तरी बघितलेले?" फोन ठेवल्यावर गंगाने विचारलं.

"आताच बघितले," तो खरं तेच बोलला. "बरे दिसतात."

गंगा हसली. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ती आत गेली. गोकुळदासला वाटलं, स्वयंपाकाला लागली. पण ती बाहेर आली तेव्हा केस विंचरून, त्यात शेरवडीचं एक पान खोवून आली होती.

"माटोळी उतरायच्या आधी एक काढा," ती म्हणाली. "आणि जमिनीर लोळू नाका, बायकां येतात."

गोकुळदासने तिला माटोळीखाली उभं केलं, कोपर पोटाशी घेतलं आणि श्वास धरला. या वेळी माटोळी कडेला गेली आणि गंगा बरोबर मधोमध आली.