लाल पोटाची, हिरव्या पोटाचा

धोंडब्याला माश्यांचा मनस्वी राग, पण पोरीच्या माश्या म्हणून तो त्यांच्यासाठी रोज रांधायचा. चरोद्याच्या रेल्वे यार्डात डबे जोडता जोडता हात राठ झालेला माणूस, आणि आता कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या घरात फळमाश्यांना केळ्याची लापशी भरवतोय! बायको, सत्यशीला, असती तर पोट धरधरून हसली असती. ती गेली आणि घरात बाप-लेकच उरले.

पोरीचं, आम्रपालीचं, संशोधन सांगायला सोपं होतं. एकाच घराण्यातल्या माश्या दोन भागांत वाटायच्या, एकांना केळं, दुसऱ्यांना तांदळाचं पीठ. पिढ्यान् पिढ्या त्यांची भेट होऊ द्यायची नाही. खाण्यानं अंगाचा वास बदलतो, नर पंख थरथरवून गातो त्याची तऱ्हा बदलते. पसंती मादीची, आणि ती आपल्यासारखाच निवडते. असं चालत राहिलं की जनुकंही वेगळी पडत जातात आणि कधीतरी एका प्रजातीच्या दोन होतात.

"म्हंजे तू त्यायले तोडून राहिली," धोंडबा म्हणायचा.

"मी फक्त दूर ठेवते बाबा. तुटतात ते आपोआप."

हे ऐकलं की त्याचं डोकं फिरायचं. ज्या घरानं जन्मभर जातीवरून माणसं दूर ठेवणाऱ्यांशी भांडण केलं, त्याच घरात हा उद्योग!

मे महिन्यात लॅबचा एसी बिघडला आणि बहुतेक माश्या उकाड्यानं मेल्या. उरल्यासुरल्या आम्रपालीनं घरी कूलरसमोर आणून ठेवल्या. सोमवारी शेवटची परीक्षा होती, नर-माद्या एकत्र सोडून कोण कोणाला निवडतं ते बघायची. ओळखू याव्यात म्हणून खाण्यात रंग घातला होता. केळंवाल्यांची पोटं लाल, तांदूळवाल्यांची हिरवी. तोवर नर-माद्या वेगवेगळ्या, अशा चार बाटल्या.

आणि आदल्याच दिवशी, रविवारी, अभिनव आपल्या घरी लग्नाचं विचारणार होता. तिच्याच लॅबमधला, कारखान्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा, नागपूरकडचाच मराठी. धोंडब्याच्या हातची भाकर खाऊन "बाबा, अजून एक" म्हणणारा. धोंडब्यानं त्याला मनात केव्हाच जावई करून टाकलं होतं.

दुपारी फोन आला. धोंडबा स्वयंपाकघरात होता, त्याला पोरीचंच बोलणं ऐकू येत होतं.

"तुझ्या आईचं नको सांगू, अभिनव. तू काय म्हणाला?" मग तिचा आवाज चढला. "काहीच नाही?"

खोलीची कडी लागली. धोंडब्याला समजलं सगळं, त्या घरात आपली जात आडवी आली होती. तो तडक कूलरसमोर गेला, चारही बाटल्यांचे कापसाचे बोळे उपटले आणि सगळ्या माश्या एका मोठ्या बाटलीत झटकून तिला बोळा लावला.

"राहा आता एका घरात! पाहू कोण कोणाले हाकलते!"

मग चष्मा लावून बसला. लाल लालकडे, हिरवी हिरव्याकडे. "अरे मेल्यांनो," तो पुटपुटला, "तुमी तरी!" पण बघता बघता एक लाल पोटाची मादी थांबली. हिरव्या पोटाचा नर पंख थरथरवत तिच्याभोवती फिरला, आणि तिनं त्याला दूर केलं नाही. धोंडब्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आमू! धावत ये, आमू!"

ती आली. सुजलेले डोळे बाटलीवर गेले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, हे काय केलं तुमी? माझी सगळी मेहनत होती ती!"

"पण जमलं ना! लाल-हिरवं, माह्या डोळ्यानं पाहिलं मी!"

"थोडे जमतातच बाबा. अजून पुरते तुटले नव्हते." ती खाली बसली. "त्यायले घरी जाऊन कोणाले इचारावं लागत नाही ना!" मग मात्र तिला हुंदका आवरेना. "त्याची आई बोलत होती अन् हा मान खाली घालून बसला, बाबा. एक शब्द नाही बोलला."

धोंडब्यानं तिला जवळ घेतलं. आपण काय करून बसलो, हे त्याला आत्ता कळलं. ज्यानं तिचं मन मोडलं त्याचं काहीच बिघडलं नव्हतं, आणि बापानं तिचं कामही मोडून ठेवलं होतं.

थोड्या वेळानं ती उठली आणि स्पिरिटची बाटली घेऊन आली.

"काय करून राहिली?"

"मिसळलेल्या ठेवता येत नाहीत बाबा, पुढची पिढी भेसळीची होते. मारूनच टाकाव्या लागतात."

"त्या दोघाले तं राहू दे!"

"कोणते दोघं?"

तो वाकून शोधू लागला. ती दोघं केव्हाच सुटी होऊन घोळक्यात मिसळली होती. "थांब, सापडतील," तो म्हणत राहिला. ती हातात स्पिरिट धरून थांबली. त्याला सापडेनात. शेवटी त्यानंच बोळा काढला, बाटली तिच्यापुढे धरली आणि मान फिरवली. तिनं स्पिरिट ओतलं.