पुसायलाही जागा लागते

मित्रांनो, सासऱ्यांचे सगळे दरवाजे सुखरूप आहेत आणि मला निवृत्त करण्यात आलं आहे. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू या. आमच्या धंद्यात ही सोय असते. एखादी गोष्ट घडता घडता बिनसली, की आम्ही गुपचूप तिच्या आधीच्या क्षणाला जाऊन उभे राहतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरुवात करतो. तर, करते.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझा जन्म अशा कारखान्यात झाला जिथे धुळीला प्रवेश नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेल्या कारागिरांनी माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या. त्यांच्यावरून एक बारीकसा हात फिरतो. तो चकतीला कधीच टेकत नाही, पण सगळं वाचतो, शेजाऱ्यांसारखं. इतक्या सोवळ्यात वाढलेल्या मुलीला नांदायला कुठे जावं लागलं, तर एका माडीवरच्या खोलीत, जिथे टेबलाखाली लाकडाचा भुसा होता.

भुसा सासऱ्यांचा. सासरे ताईचे. आणि ताई म्हणजे मला विकत आणणारी. खोली पूर्वी सासऱ्यांची होती, तिथे ते फावल्या वेळात रंधा मारत. ताईला कामाला जागा हवी म्हणून त्यांनी खोली दिली, भुसा मात्र स्वतःच्या मर्जीने राहिला.

ताई लिनक्स नावाच्या संगणक प्रणालीसाठी फाइल सिस्टिम लिहीत होती. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कचा संसार सांभाळणारी व्यवस्था. ती नसेल तर पोटात सगळं असूनही काहीच सापडत नाही, जसं घरातल्या कात्रीचं होतं. ताईच्या फाइल सिस्टिमचा एकच बाणा होता: जुन्या मजकुराला हात लावायचा नाही. काही बदलायचं असेल तर नवा मजकूर बाजूच्या रिकाम्या जागेत लिहायचा, तो नीट उतरला की मग दारावरची पाटी फिरवायची. मध्येच वीज गेली तरी पाटी जुन्याच घराकडे बोट दाखवत असते, आणि जुनं घर जागच्या जागी असतं. शिवाय जुनी पाटी फेकून न देता जपून ठेवली, की त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखं होतं. हवं तेव्हा त्या क्षणात परत जाता येतं. असे फोटो काढायला जवळजवळ काही लागत नाही. हे "जवळजवळ" लक्षात ठेवा मित्रांनो, जगातली बरीच संकटं या शब्दातून येतात.

माझी चाचणी घ्यायचं काम ताईच्या आतेभावाकडे होतं. त्याला सगळे घातवार म्हणत. माझ्यावर लिहिणं चालू असताना मधूनच माझी वीज तोडायची, हा त्याचा पेशा. त्यासाठी त्याने एक बटण खास बनवून घेतलं होतं आणि त्याला लाल रंग दिला होता, कारण त्याच्या मते हिरव्या बटणाने मजा येत नाही. वीज तोडण्याआधी तो दर वेळी हळूच "माफ कर गं बाई" म्हणायचा. मग मला पुन्हा जागं करून विचारायचा, काय आठवतंय? मी एक तर जुनं सांगायचं नाही तर नवं. अर्धं जुनं आणि अर्धं नवं सांगितलं, की ताई तोंड पाडून कोडमधली चूक शोधत बसायची. सुरुवातीला मी बरंच काही अर्धंमुर्धं सांगत असे. पुढे पुढे मी कितीही वेळा मेले तरी शुद्धीवर येताच नीट बोलू लागले. घातवारने माझ्या पाठीवर थाप मारून ताईला सांगितलं, की अशी गुणी डिस्क त्याच्या पाहण्यात नाही. तो दिवस मी अजून कुठेतरी जपून ठेवला आहे, फक्त कुठे ते आठवत नाही.

मग ट्यूनिंगचे, म्हणजे माझा वेग वाढवण्याचे, दिवस आले. नवं नेहमी रिकाम्या जागेत लिहायचं म्हटल्यावर एकाच फाइलचे तुकडे माझ्या पोटभर विखुरतात, आणि ते गोळा करता करता माझा तो बारीक हात दमून जातो. ताई माझी टकटक ऐकत बसे आणि तुकडे जवळजवळ कसे ठेवता येतील ते ठरवी. हळूहळू माझी टकटक कमी झाली. सासूबाईंनी तर एकदा वर येऊन विचारलं, की बंद पडलंय का ते तुमचं.

आता दरवाज्यांकडे येते. सासरे जन्मभर सुतार होते आणि त्यांनी फक्त दरवाजेच केले. खिडकी सांगितली तर ते लहान दरवाजा करून देत. निवृत्तीनंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, की हे वाढतच जाईल. तेव्हा सासऱ्यांनी एक रेकॉर्डर घेतला आणि आपण बसवलेल्या एकेका दरवाज्याकडे जाऊन, घरच्यांची परवानगी काढून, तो उघडता-मिटताना कसा बोलतो ते नोंदवून घेतलं. प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीला ते स्वतः ओळख करून देत. हा दवाखान्याचा, संशयी आहे. हा शाळेचा, मुलांच्या बाजूचा आहे. हा एका वकिलाचा, उघडतो पण कबूल करत नाही. रेकॉर्डिंग पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत कानांनी पूर्ण राजीनामा दिला. म्हणजे जे झालं ते एकदाच झालं होतं, पुन्हा होणार नव्हतं. काही घरं तर तोवर पाडलीही होती.

फाइल सिस्टिम लिहिणारे लोक एक नेम पाळतात: आपण रांधलेलं आधी आपण खायचं. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याआधी स्वतःच्या जिवाभावाच्या वस्तू आपल्या फाइल सिस्टिमवर ठेवायच्या. ताईने म्हणून ते सगळे दरवाजे माझ्यावर ठेवले. घातवारने विचारलं, दुसरीकडे प्रत आहे ना? ताई म्हणाली, क्षणाक्षणाचे फोटो निघतायत, प्रत कशाला. घातवार म्हणाला, "फोटो काढून ठेवले म्हणून माणूस वाचत नाही, ताई." ताईने त्याला चाचणी घ्यायला सांगितलं. रेकॉर्डर दरम्यान रिकामा करून ताईच्या भाचीच्या शाळेला दिला गेला.

तेव्हापासून मी आणि ते दरवाजे एकत्र राहत होतो. फोटो निघत होते. चाचण्या लिहिल्या जात होत्या, पुसल्या जात होत्या, पण पुसलेलंही जुन्या फोटोंत होतंच, त्यामुळे खरं पुसलं काहीच जात नव्हतं. एका दुपारी मी गळ्यापर्यंत भरले.

ताई म्हणाली, काही हरकत नाही, जुने फोटो काढून टाकू. तिने हुकूम सोडला. मी उत्तर दिलं: जागा नाही. तिने सगळ्यात लहान फाइल पुसायला सांगितली. मी म्हटलं: जागा नाही. मित्रांनो, यात माझा हट्ट नव्हता. जुन्याला हात लावायचा नाही हा बाणा असला, की "हे पुसलं" एवढंसुद्धा नव्या जागेतच लिहावं लागतं. म्हणजे जागा करायला पुसायला हवं, आणि पुसायला जागा हवी. ताईने फाइल सिस्टिमला सगळं शिकवलं होतं, स्वतःची जागा राखून ठेवायला तेवढं शिकवलं नव्हतं. त्यातच माझी एक चकती म्हातारपणाने कुरकुरायला लागली होती आणि दरवाज्यांच्या फाइली उघडताना अडखळत होत्या. बंद करून पुन्हा चालू करायची कोणाची छाती होईना. ताई खुर्चीत नुसती बसून राहिली. खाली सासरे अंगणात होते. त्यांना काय सांगायचं, हे ती भिंतीला विचारत असावी.

उपाय घातवारला सुचला. भरलेल्या संसाराला तात्पुरती एक खोली जोडायची. एखादा छोटा पेनड्राइव्ह फाइल सिस्टिममध्ये सामील करायचा, त्या चिमूटभर जागेत "पुसलं" असं लिहायचं, पसारा कमी करायचा, आणि मग पेनड्राइव्हवर गेलेला सगळा मजकूर हळूहळू परत माझ्याकडे आणून त्याला मोकळं करायचं. मध्येच कोणी तो उपटला, तर पाट्याच त्याच्यावर असल्याने सगळंच जाणार.

घरात एकच पेनड्राइव्ह होता, सासूबाईंचा. त्यात त्यांची गाणी होती आणि तो त्यांच्या रेडिओत राही. गाणी पुन्हा भरून देईन असं ताईने वचन दिलं, तेव्हा त्यांनी तो दिला, संध्याकाळपर्यंत परत हवा असं बजावून. सासूबाई शेजारी दिलेला चमचासुद्धा जेवणाआधी परत आणणाऱ्या. पेनड्राइव्ह लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी आधाराने श्वास घेतला. फोटो पुसले जाऊ लागले. मग परत आणण्याचं काम सुरू झालं, ते मात्र संथ होतं. ताई आणि घातवार नवी डिस्क आणायला बाजारात धावले. जाताना ताईने खडूने दगडी पाटीवर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून सासऱ्यांना दाखवलं. सासऱ्यांनी स्टूल ओढलं आणि पेनड्राइव्हसमोर बसले.

संध्याकाळ झाली, सासूबाई आल्या.

आधी त्यांनी साधं मागितलं. मग समजावलं. मग संसाराच्या आरंभापासून त्यांनी काय काय सोसलं ते क्रमाने सांगितलं. कान होते तेव्हा सासरे तिसऱ्या वाक्याला शरण जात, पण आता त्यांना पहिलंच पोचत नव्हतं. सासूबाईंनी आवाज चढवला. इथे एक शास्त्रीय गोष्ट सांगते: डिस्कसमोर कोणी ओरडलं, तर तिचा हात थरथरतो आणि काम मंदावतं. जितक्या त्या मोठ्याने "संध्याकाळ झाली" म्हणत, तितकी माझी संध्याकाळ लांबत होती. शेवटी त्या सासऱ्यांच्या खांद्यावरून हात घालून पेनड्राइव्हपर्यंत पोचल्या. दोन बोटांत धरलाही.

सासऱ्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला, बिजागरी बसते का ते बघतात तसा.

"तुझ्या माहेरचं दार आहे आत," ते म्हणाले.

सासूबाईंची बोटं तशीच राहिली. त्यांच्या माहेरी दार बसवायला आलेला सुतार ते दार नको इतके दिवस बसवत राहिला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते घर आता नाही. त्या जागेवर मोटारी उभ्या राहतात.

बराच वेळ कोणी बोललं नाही आणि माझं काम झपाट्याने पुढे गेलं. मग सासूबाईंनी बोटं सोडवली, दुसरं स्टूल आणलं आणि शेजारी बसल्या. ताई परतली तेव्हा त्यांनी तिलाही पेनड्राइव्हजवळ येऊ दिलं नाही. काम संपलं, आता काढायला हरकत नाही, असं ताई परोपरीने सांगत होती. सासूबाईंचं म्हणणं एकच: नक्की?

दरवाजे नव्या डिस्कवर गेले, शिवाय आणखी एका डिस्कवर, जी घातवारच्या घरी राहते. ताईने फाइल सिस्टिममध्ये थोडी जागा कायमची राखून ठेवली, फक्त पुसण्यासाठी. कोडमध्ये त्या जागेचं नाव "सासूबाई" आहे, आणि तिथे कोणी पाय ठेवू शकत नाही. प्रती झाल्यावर ताईने ते माहेरचं दार लावलं. सासऱ्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. ऐकू काही येत नव्हतं. दार उघडलं आणि मिटलं. सासूबाई म्हणाल्या, इतकं का कुरकुरतंय, नीट बसवलं नव्हतंत का? सासऱ्यांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, आणि या वेळी त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते लाजले.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, पण एकाच वस्तूवर इतका विश्वास टाकू नका की तिला श्वास घ्यायला जागा उरणार नाही. सध्या मी माडीच्या दारापाशी जमिनीवर असते. वाऱ्याने ते दार आपटू नये म्हणून मला तिथे ठेवलं आहे आणि माझं वजन या कामाला पुरेसं असल्याचा निर्वाळा घातवारने दिला आहे. दार सासऱ्यांनीच केलेलं आहे. मी असल्यामुळे ते हलत नाही, आणि हलत नसल्यामुळे बोलत नाही.

सबब, अर्जदार हार्ड डिस्क नम्र विनंती करते की, अर्जदारास सदर दारातून दर दिवशी किमान एकदा उचलण्यात यावे, दारास वाऱ्याने आपटू द्यावे, दारावर कोणीही ओरडू नये, आणि त्या आवाजाची एक प्रत अर्जदाराकडे लिहिण्यात यावी, जागा आहे.