दाखवण्यापुरती गाडी

मी एक जुनी, दाखवण्यापुरती ठेवलेली गाडी आहे. जुनी म्हणजे वयानं फार नाही. पण जिला रस्ताच मिळत नाही, ती गाडी उभ्या उभ्याच जुनी होते.

मित्रांनो, चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. मी विजेवर चालते. माझं आसन, पायाखालचे ब्रेक, स्टिअरिंग, सगळं पुढं-मागं, वर-खाली सरकतं. कारखान्याच्या मालकीण विशाखाताईंची ही कल्पना. गिऱ्हाइकाला माझ्यात बसवायचं, माप घ्यायचं आणि त्या मापाची गाडी बांधून कारखान्यातूनच थेट द्यायची. मध्ये डीलर नाही. मापाची गाडी आधीच बांधून दुकानात कशी उभी करणार?

जालना रोडवर काचेच्या एका खोलीत मला ठेवलं. पहिल्या आठवड्यात किती कौतुक झालं! मुलं काचेला नाक लावून बघायची. दाराच्या फटीत एखादं इवलं बोट आलं की माझा जीव खालीवर व्हायचा.

मग सरकारचा नवा नियम आला. गाडी विकायची ती डीलरच्या दुकानातूनच. कारखानदारानं ती दाखवावी, पण किंमत सांगू नये, नोंदणी घेऊ नये. माझ्या काचेवरची किंमत त्याच दिवशी खरवडून काढली.

सिल्लोडहून गोजरबाई आल्या त्या यानंतर. मक्याची खरेदी करत गावोगाव फिरणाऱ्या, उंचीनं अगदी लहानखुऱ्या. विशाखाताईंनी माझं आसन पुढं घेतलं, ब्रेक वर उचलले. गोजरबाईंनी पाय टेकवले आणि ब्रेक दोनदा दाबून पाहिला.

"पोचले," त्या म्हणाल्या. "केवढ्याला?"

"ते मला सांगता येत नाही, मावशी."

"का बरं?"

"नियम आहे. दाखवायची परवानगी आहे, विकायची नाही."

"म्हंजे पोरगी दाखवायची, पोहे खाऊ घालायचे, अन् बोलणी करायची नाय? मग पाव्हण्यांना बोलावता कशाला?"

विशाखाताई हसल्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. विक्री थांबल्यानं कारखान्यातली निम्मी माणसं तेव्हा घरी बसली होती.

पुढच्या वेळी गोजरबाई आल्या तेव्हा डीलर संघटनेचे इंद्रजीतराव तिथंच होते. माणूस वाईट नव्हता. "ताई, उद्या तुमचा कारखाना बंद पडला, तर या मावशींनी गाडी घेऊन कुणाच्या दारात जायचं?" त्यांनी विचारलं. प्रश्न खरा होता. मीही मनात तोच विचारत बसायचे.

"आधी गाडी घ्यायला तुमच्याच दारात आले होते की मी," गोजरबाई म्हणाल्या. "पाय पोचत नाय म्हटलं, तर उशी घेऊन बसा म्हणालात."

तरीही नियम राहावा म्हणून संघटनेचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटलं. विशाखाताईही भेटल्या. पुढारी यायचे, माझ्यात बसून फोटो काढायचे, "विचार करू" म्हणायचे आणि जायचे. शेवटी विशाखाताईंनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात नियमाविरुद्ध याचिका केली.

"माझं बी नाव घाला तिच्यात," गोजरबाई म्हणाल्या. "गाडी मला पायजे. मी घरी कशाला बसू?"

तारखा पडत गेल्या. माझ्यावर धूळ चढली, चाकं बसली. मला मोडीत काढायचा सल्ला काहींनी दिला. विशाखाताईंनी तो कानाआड केला. न चुकता येऊन मला चार्ज करायच्या, टायरमध्ये हवा भरायच्या. "तू टिकायला हवंस," एवढंच म्हणायच्या.

सुनावणीत सरकारी वकील म्हणाले, हा नियम गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी आहे. न्यायमूर्तींनी विचारलं, इथं एक गिऱ्हाईक स्वतः विरोधात आलंय, त्याचं काय? हे मला गोजरबाईंनीच आल्या आल्या सांगितलं, दोनदा.

अंतरिम आदेश आला. अंतिम निकाल लागेपर्यंत मापाची गाडी थेट विकता येईल, पण दुरुस्तीची जबाबदारी लेखी घ्यायची आणि त्यासाठी ठेव भरायची. इंद्रजीतरावांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. विशाखाताईंनी कुरकुर न करता ठेव भरली.

मग गोजरबाईंना माझ्यात बसवून त्यांनी पहिल्यांदा किंमत सांगितली.

"लई होतंय," गोजरबाई म्हणाल्या. "नीट बोला ताई. आज तर बोलता येतंय ना?"

आणि त्या दोघी बराच वेळ घासाघीस करत बसल्या. इतकं गोड भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, खटला संपलेला नाही. सरकार वरच्या कोर्टात जाईल म्हणतात. जावो, आम्हीही जाऊ. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी नियम करायला बसेल. तेव्हा एवढं करा. ज्याच्या भल्यासाठी नियम करता, त्याला आधी आत बसवा, आणि त्याचे पाय पोचतात का, ते स्वतः वाकून बघा.