डावा हात वर

मुलुंडमधल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात रडत आलेलं पोर हसत घरी जातं, ते आमच्या गंधाली मॅडममुळे. मी त्यांची मदतनीस, नलिनी. इथे इंजेक्शन हा शब्द काढायचा नाही. औषधाने दात झोपतो, ड्रिल म्हणजे मधमाशी, लाळ ओढणारी नळी म्हणजे तहानलेला हत्ती. पोर घाबरलं की मॅडम त्याला नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावतात. एखादी आई 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर टोचतील' म्हणाली, की तिला गोड बोलून बाहेरच्या बाकावर पाठवतात. मला असल्या आयांचा फार राग येतो, पण ते गोड बोलणं मला काही जमत नाही.

ही सगळी विद्या एकाच मुलापुढे फुकट गेली, आणि तो मॅडमचा स्वतःचा. सात वर्षांचा ओजस शाळा सुटली की दवाखान्यात येतो, कोपऱ्यात गृहपाठ करतो आणि सगळं ऐकत असतो. त्याची दाढ किडली. मॅडमनी त्याला चेंबूरच्या डॉक्टर मैत्रिणीकडे नेलं, तर तिने मधमाशीचं नाव काढायच्या आत ह्यानेच तिला हत्तीची गोष्ट सांगितली आणि तोंड मिटून घेतलं. कीड खोल चालली होती. आणखी थांबलं तर हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन काम करावं लागणार होतं. त्या विचाराने मॅडमच्या घशाखाली घास उतरेना.

शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि मधमाशीपासून सुरुवात केली. पोरगं टक लावून बघत राहिलं.

"आई, हे तू सगळ्यांनाच सांगतेस. मला खरं सांग ना."

वाट लागली, मी मनात म्हटलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग त्यांनी मास्क खाली केला आणि सगळं सांगून टाकलं. हे इंजेक्शन, चिमटा काढल्यासारखं टोचेल. हे ड्रिल, आवाज मोठा करेल. दुखलं तर डावा हात वर कर, मी लगेच थांबेन. हा हाताचा नियम आमच्याकडे पहिल्यापासून खराच आहे, त्यात गोष्ट नाही.

ओजसने सुई दाखवायला सांगितली, नीट पाहिली आणि तोंड उघडलं. टोचताना त्याने डोळे घट्ट मिटले, पण डोकं हलवलं नाही. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की नळी सोडून मी त्याच्या केसांतून हात फिरवायला निघाले होते.

ड्रिल सुरू झालं आणि थोड्याच वेळात डावा हात वर गेला. मॅडम जागच्या जागी थांबल्या. चेहरा पांढराफटक. दुखतंय का, त्यांनी विचारलं. मी नळी बाजूला घेतली.

"नाही," तो बधिर ओठांनी बोबडं बोलला. "तूच श्वास घेत नाहीयेस, आई. नाकाने घे. सावकाश."

मॅडमनी श्वास घेतला. त्यांचे हात गुंतलेले होते, म्हणून डोळे मी पुसले. आईचा श्वास पुरता मोकळा होईपर्यंत ओजसने हात वरच धरला होता. मग तो खाली घेतला आणि पुन्हा तोंड उघडलं.