‘माझी अर्धांगिनी’, पान बावीस

वृंदाने कपाटातले मसाल्याचे डबे भराभर खाली काढले आणि ती किंचाळलीच, "सापडलं!"

गोष्ट अशी. दोन हजार एकवीसचा मे महिना. वृंदा आणि उपेंद्र दोन वर्षांपासून वेगळे राहत होते, जूनमध्ये आयर्लंडमधल्या नास गावच्या कोर्टात घटस्फोटाची तारीख होती. आणि हा पठ्ठ्या शपथेवर म्हणत होता की बायकोने नोकरी सोडली ती स्वतःच्या हौसेने, मग पोटगी कसली? ऐका! पुण्यातली चांगली फार्मासिस्ट आठ वर्षं याचे डबे भरत राहिली, ती म्हणे हौसेने! इथे पुन्हा फार्मासिस्ट व्हायचं तर दोन वर्षं अभ्यास आणि परीक्षा. पोटगी मिळाली तरच ते जमणार होतं. तिची वकील ईफा सारखी विचारायची, "लेखी काही आहे का गं?"

होतं ना! फळीवर अंथरलेला मराठी मंडळाचा जुना दिवाळी अंक. पान बावीस, उपेंद्रचा लेख, वर सुटातला फोटो. ‘वृंदाला नोकरी सोडायला मीच लावलं. घर तू बघ, बाहेरचं मी बघतो, असं ठणकावून सांगितलं. तिने ऐकलं, म्हणूनच आज मी मॅनेजर आहे.’ या फुशारकीला मंडळाने पहिलं बक्षीसही दिलं होतं!

वृंदाने लगेच ईफाला फोन लावला. "ग्रँड!" ईफा ओरडली. "ताबडतोब अधिकृत भाषांतर करून घेऊ!"

जूनमध्ये जज बाईंनी तो उतारा सावकाश वाचला.

"हे तुम्हीच लिहिलंय?" बाईंनी उपेंद्रला विचारलं.

"हो, पण ते जरा... वाढवून लिहिलं होतं."

"तुम्ही नोकरी सोडायला सांगितलंत, हे खरं की खोटं?"

उपेंद्रने मास्क नाकावर ओढला. मग म्हणाला, "खरं."

अडीच वर्षांची पोटगी मंजूर झाली. वृंदाला तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या. बाहेर येताच तिने ईफाला कोपराने कोपर लावून टाळी दिली, हसली, रडली, पुन्हा हसली.

तेवढ्यात उपेंद्र जवळ आला. आवाज जरा ओला झाला होता. "माझा लेख तू इतकी वर्षं जपून ठेवलास?"

"जपून?" वृंदा म्हणाली. "हळदीच्या डब्याखाली अंथरला होता रे!"