लेन नंबर चार

निकाल माइकवरून सांगितला तेव्हा माया अजून पाण्यातच होती, लेनच्या दोरीला धरून दम खात.

"मुलींची शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक. प्रथम, लेन नंबर तीन, करिश्मा. द्वितीय, लेन नंबर दोन, रागिणी. लेन नंबर चार बाद."

मायाने मान वर करून उडी मारायच्या ठोकळ्याकडे पाहिलं. त्यावर चारच लिहिलेलं होतं.

शेजारच्या लेनमधली करिश्मा टोपी काढून, मायाकडे न बघता, शिडीकडे गेली. दोघी अकोल्याच्या एकाच कॉलेजच्या. दोन वर्षं रोज सकाळी शेजारी शेजारी पोहलेल्या. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी सगळी टीम आदल्या दिवशी अमरावतीला आली होती, आणि या शर्यतीत पहिली येणारी मुलगी विद्यापीठाच्या संघात जाणार होती. करिश्मा हातभर पुढे राहिली हे मायाने डोळ्यांनी पाहिलं होतं. हरण्याचं दुःख तिने गिळलं असतं. पण बाद?

टॉवेल न घेता, तशीच निथळत ती पंचांच्या टेबलाशी गेली. मुख्य पंच देवराव कागद लावत होते. साठी ओलांडलेला माणूस, गळ्यात शिट्टी.

"सर, माह्यं काय चुकलं?"

त्यांनी एक चिठ्ठी तिच्याकडे फिरवली. लेन ४. पन्नास मीटरच्या वळणावर एका हाताचा स्पर्श.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. एक आधी लागला की शर्यत संपली. मायाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला पोहायला शिकवलं ते तिच्या आईने, चतुराबाईने, बाळापूरजवळ मामाच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. कॉलेजात आल्यावर टँकमधले नियम मात्र ती स्वतः शिकली, आणि दोन हातांचा स्पर्श तिने इतक्या वेळा घोटला होता की झोपेतही चुकला नसता. चुकायची ती करिश्मा. दिवाळीपासून तिचा डावा खांदा दुखत होता आणि वळताना उजवा हात आधी जायचा. मायाच तिला ओरडून सांगायची, "डावा मांगं राहून राहिला तुह्या!"

"मी एका हातानं शिवलंच नाही, सर," माया म्हणाली.

"समोरच्या पंचानं पाह्यलं म्हणूनच लिवलं ना बाई. हरकत असन तर तुमच्या मॅनेजरले लेखी द्यायले सांग. अर्ध्या तासाच्या आत. तोंडी बोलण्यावर निकाल बदलत नसते."

माया टँकच्या कडेने दुसऱ्या टोकाला गेली. वळणावरचा पंच शिवम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. पंचविशीचा असेल, खिशावर नावाचा बिल्ला. पंच म्हणून पहिल्यांदाच बसलेला, हे त्याच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या शर्टावरून कळत होतं.

"सर, एका हातानं कोन शिवलं?"

"चार नंबर." तो जरा बावरला. "तूच ना?"

"चार नंबर कोनती लेन? दाखवा."

त्याने उजव्या बाजूने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. बोट थांबलं. माया त्या बोटाच्या रेषेत बघत राहिली. रेषा सरळ पलीकडच्या टोकाला, तीन नंबरच्या ठोकळ्याला जाऊन भिडत होती.

लेनचे नंबर सुरुवातीच्या टोकाला, उजव्या हाताकडून असतात. या टोकाला उभं राहिलं की सगळं उलटं होतं. सहा लेनचा टँक, त्यामुळे याची चार म्हणजे खरी तीन. भिंतीवर एरवी नंबर असतात, पण स्पर्धेसाठी नुकताच निळा रंग मारला होता आणि रंगवणाऱ्याने नंबरांवरूनही ब्रश फिरवला होता.

"सर, तुमी उलटं मोजलं," माया म्हणाली. "तुमी पाह्यलं ते करिश्माले. मले नाही."

शिवमने पलीकडे पाहिलं, मग चिठ्ठ्यांच्या पॅडकडे. त्याचा चेहरा उतरला. "मॅनेजरले अर्ज द्यायले लाव," तो हळूच म्हणाला. "मले विचारलं तर मी सांगीन."

"विचारलं तर?"

त्याने चहाचा कप खुर्चीखाली ठेवला.

कॉलेजचे क्रीडाशिक्षक गजेंद्र सर टीमचे मॅनेजर होते. मंडपात करिश्माच्या वडिलांना फोनवर निकाल सांगत होते. करिश्माचे वडील वरूडचे संत्र्याचे व्यापारी, कॉलेजच्या संचालक मंडळावर. टीम आली होती ती त्यांच्याच गाडीने. सरांचा फोन संपेपर्यंत माया उभी राहिली. मग तिने एका दमात सगळं सांगितलं आणि उभ्या उभ्या लिहिलेला हरकतीचा अर्ज पुढे केला.

"सही करा, सर. वीस मिनिटं राह्यली."

सरांनी कागद हातात घेतला नाही. "हे पाह्य माया. सोनं कोनाले भेटलं? आपल्याच कॉलेजले. तू पहिली आली तरी तेवढेच गुण, ते आली तरी तेवढेच. कॉलेजले काय फरक पडते?"

"मले पडते ना."

"आपल्याच पोरीले बाद करायसाठी आपनच अर्ज द्यायचा? लोकं हासतीन." त्यांनी आवाज खाली आणला. "अन् तुले काय कमी आहे? तुमच्या लोकाइले तसाही कोटा असते. तिले या मेडलची गरज आहे."

हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. शाळेत मार्क वाचून दाखवताना ऐकलं होतं, स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या रांगेत ऐकलं होतं. टँकवर मात्र कुणी म्हटलं नव्हतं. इथे फक्त घड्याळ बघतात, अशी तिची समजूत होती. कानशिलं तापली. ओल्या अंगावर मंडपातल्या पंख्याचं वारं येत होतं, तरी घाम फुटल्यासारखं झालं.

"मी दोन हातानं शिवलं, सर. त्याच्यात कोटा कुठून आला?"

"आवाज चढवू नको."

"सही करता का नाही?"

"नाही."

करिश्मा मंडपाच्या मागे, भिंतीला टेकून बसली होती. माया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुले माहीत आहे."

"काय?"

"उजवा आधी लागला तुह्या. खांदा दुखला असन. तुले वळतानाच समजलं असन. चाल, पंचाले सांग."

करिश्माने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मले नाही आठवत," ती म्हणाली. "पप्पा निघाले वरूडहून. बक्षीस पाह्यले येऊन राहिले."

मायाने तिच्याकडे पाहिलं. खांद्याला मलम चोळून देणारी, डब्यातली अर्धी भाकर हिच्यासाठी ठेवणारी आपणच का, असा प्रश्न तिला पडला, आणि त्या प्रश्नाने ती जास्तच पेटली. मागे वळून ती चालायला लागली. दहा मिनिटं उरली होती.

टँकवर मुलांच्या शर्यतीची तयारी झाली होती. सहा जण ठोकळ्यांमागे येऊन उभे राहत होते. माया त्यांच्या मधून गेली आणि चार नंबरच्या ठोकळ्यावर चढून बसली. पाय खाली सोडले, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या.

"ए पोरी! उठ तिथून!" देवराव ओरडले.

"नाही उठत."

शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. गॅलरीतली पोरं उभी राहिली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी मोबाइल काढले. गजेंद्र सर धावत आले. "माया, तमाशा करू नको! कॉलेजचं नाव घालवून राहिली तू!"

"तुमी सही केली असती तर मी इथी बसली नसती!"

देवराव टेबलामागून उठून आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "दोन मिनिटात उठली नाही तर अख्खी टीम बाहेर काढतो. समजलं?"

"काढा. पन आधी त्याइले विचारा." माया ठोकळ्यावर उभी राहिली. पन्नास मीटर पाण्यापलीकडे शिवम खुर्ची सोडून उठला होता. तिने छाती फुटेस्तोवर आवाज दिला, "शिवम सर! ज्या पोरीनं एका हातानं शिवलं तिच्या लेनसमोर उभे राहा!"

शिवम जागचा हलला नाही. माया त्याच्याकडे एकटक बघत राहिली. हा आता मान खाली घालेल, चिठ्ठी दाखवेल, आणि सगळं संपेल, असं तिला वाटलं. मग तो कडेने चालायला लागला. तीन पावलं, चार पावलं. थांबला आणि हात वर केला.

तो तीन नंबरच्या लेनसमोर उभा होता.

देवरावांनी एकदा ठोकळ्याकडे पाहिलं, एकदा पलीकडे. कुणाशी न बोलता ते कडेने चालत त्या टोकाला गेले. वाकून भिंत बघितली. रंगावरून बोट फिरवलं. शिवमशी काही बोलले. शिवम दोनदा मान हलवून हो म्हणाला.

परत आल्यावर त्यांनी माइक स्वतःच्या हातात घेतला. "शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक, मुली. निकालात दुरुस्ती. लेन नंबर तीन बाद. प्रथम, लेन नंबर चार, माया. द्वितीय, लेन नंबर दोन, रागिणी."

"पन अर्ज कुठं आहे?" गजेंद्र सर पुढे झाले. "मी तर सहीच केली नाही!"

"पंचानं सोताची चूक कबूल केली. मले अर्जाची गरज नाही," देवराव म्हणाले. मग मायाकडे वळले. "अन् तू. शर्यत अडवली म्हणून तुले लेखी ताकीद देतो. पुन्हा असं केलं तर बाहेर."

"द्या," माया म्हणाली आणि खाली उतरली.

टाळ्या वाजत होत्या. तिला त्या ऐकू येत होत्या, पण त्यांनी काही थंड झालं नाही. जे तिचंच होतं ते मिळायला तिला ठोकळ्यावर चढून ओरडावं लागलं होतं.

मेडल घेऊन ती कपडे बदलायच्या खोलीत आली, तर गजेंद्र सर दारातच उभे होते. "रिलेतून तुह्यं नाव काढलं मी. बेशिस्त पोरी नाही पाह्यजे मले. अन् जायची सोय तुही तू पाह्य." एवढं बोलून ते गेले.

आत करिश्मा बाकावर बसली होती. डोळे सुजलेले. "माया, मी सांगनारच होती."

"कवा? मेडल गळ्यात पडल्यावर?"

"पप्पाइनं सगळ्याइले फोन केले होते. मले भेव लागलं."

"मले नाही लागलं?" मायाने बॅगेत कपडे कोंबले. "तू पंचाइसमोर खोटं बोलली असती त्याचं मले एवढं नसतं वाटलं. तू माह्या तोंडावर म्हटलं, आठवत नाही."

करिश्माने तिचा हात धरला. मायाने तो सोडवून घेतला. झटकला नाही, फक्त सोडवून घेतला, आणि बाहेर पडली.

चारच्या अकोला एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. बडनेरा मागे पडल्यावर तिने आईला फोन केला. चतुराबाईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "जेवली का?" माया नाही म्हणाली. "ये मंग लवकर. भाकर टाकतो."

मग गजेंद्र सरांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. रिले पाचवी आली होती.

"माया, प्रिन्सिपल साहेबाचा फोन होता. सोनं आपलं एकच राह्यलं ना. उद्या अकरा वाजता फोटो आहे. पेपरवाले येतीन. ट्रॅकसूट घालून ये. अन् कोनी विचारलं तर सांगजो का सरनं हरकत घेतली म्हणून निकाल बदलला. मार्गदर्शक म्हणून माह्यं नाव पाह्यजे ना खाली."

माया ऐकत राहिली. शेजारच्या सीटवरच्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "फोटोले मी येईन. पेपरवाल्याइनं विचारलं तर सारं सांगीन. तुमी सही काहून नाही केली तेही, अन् कोट्याचं बोलले तेही. तरीबी तुमाले बाजूले उभं राहाचं असन तर राहा."

तिने फोन बंद केला आणि मांडीवर ठेवला. मूर्तिजापूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. ती उतरली नाही. घरी आई भाकर टाकत होती.